अंगावरनं वारं गेलं : वैद्यकीय महाविद्यालयात कोण शिकतो, याने काय फरक पडतो?

पन्हाळा तालुक्याचे दोन चेहरे आहेत. पूर्वेला कोडोली-वारणानगरची सपाट ऊसपट्टी, आणि पश्चिमेला बाजारभोगावच्या पुढे चढत जाणारा डोंगराळ भाग, तिथल्या वाड्या आणि धनगरवाडे. समजा, अशा एखाद्या वाडीवरच्या म्हाताऱ्याचा उजवा हात सकाळी उठल्यावर उचलेना. शब्दही नीट फुटेनात. अर्ध्या तासाने सारे पूर्ववत झाले. तरी घरच्यांनी त्याला जीपमध्ये घालून कोल्हापूरच्या सी.पी.आर. इस्पितळात आणले. तिथल्या तरुण डॉक्टरने तपासले, तेव्हा हात ठीक, बोलणे ठीक, चालणे ठीक. "काय झालं होतं?" त्याने विचारले. म्हातारी म्हणाली, "सकाळी जरा अंगावरनं वारं गेल्यागत झालं, बघा."

हा तरुण डॉक्टर याच भागातला असेल, तर तो चटकन सावध होईल. 'अंगावरून वारं जाणे' म्हणजे पक्षाघात, हे त्याने लहानपणापासून ऐकलेले असते. तो दूरच्या राज्यातून आला असेल आणि कामापुरते मराठी शिकला असेल, तर त्याला या वाक्यात फक्त 'वारा' सापडेल. थंडी वाजली असेल, किंवा पोटात वायू धरला असेल असे समजून तो एखादी गोळी देऊन म्हाताऱ्याला घरी पाठवू शकेल.

दोन्हींत केवढे अंतर आहे पाहा. मेंदूचा रक्तपुरवठा थोडा वेळ थांबून पुन्हा सुरू होतो, तेव्हा अशी तात्पुरती लक्षणे दिसतात. त्यानंतरच्या तीन महिन्यांत मोठा पक्षाघात होण्याचे प्रमाण जुन्या अभ्यासांत सुमारे दहात एक असे आढळले होते, आणि त्यातले निम्मे झटके पहिल्या दोन दिवसांतच आले होते. उलट, लगेच उपचार सुरू केले तर हा लवकर येणारा धोका सुमारे ८० टक्क्यांनी कमी होतो, असे इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. आमच्या उदाहरणात रोगाचा एकच पुरावा उरला आहे, तो म्हणजे म्हातारीचे वाक्य. ते कळले तर म्हातारा वाचण्याची शक्यता वाढते. न कळले तर नाही.

वैद्यकीय महाविद्यालयात निरनिराळ्या भागांतले, भाषांचे, जातीजमातींचे, आर्थिक थरांतले विद्यार्थी आणि शिक्षक असावेत, असे आपण म्हणतो, तेव्हा सहसा ते न्यायाच्या भूमिकेतून म्हणतो. ती भूमिका योग्यच आहे. पण या प्रश्नाला दुसरी बाजूही आहे, आणि ती विज्ञानाची आहे. वैद्यक हे माणसांविषयीचे ज्ञान आहे. ते कोण गोळा करतो, कोणाकडून करतो आणि कोण वापरतो, यावर त्याचा खरेखोटेपणा काही अंशी अवलंबून असतो. या लेखात आपण ही दुसरी बाजू मुख्यतः पाहू.

दुखण्याची भाषा

वैद्यकाच्या विद्यार्थ्याला पहिल्यापासून सांगितले जाते की निदानाचा मोठा भाग रुग्णाच्या तोंडून ऐकलेल्या हकीकतीवरच होतो. ही हकीकत पाठ्यपुस्तकाच्या इंग्रजीत येत नाही. आपल्याकडे नुसत्या वेदनेला किती शब्द आहेत ते पाहू. गळू पिकले की ते 'ठणकते', म्हणजे नाडीच्या ठोक्याबरोबर दुखते. मज्जातंतू दबला की 'चमक मारते', म्हणजे वीज गेल्यासारखी क्षणभर वेदना होते. पोटात 'कळ' येते आणि जाते. आतडे किंवा मूत्रवाहिनी आवळते आणि सैल होते, तेव्हा असे घडते. मधुमेही माणसाच्या तळपायाची 'आग' होते आणि त्याला 'मुंग्या' येतात. बाळंतपणाच्या 'वेणा' असतात, आणि ताप येण्याआधी अंगात 'कणकण' असते. यातला प्रत्येक शब्द म्हणजे शरीरात काय चालले आहे याचे अर्धे निदानच आहे. ते आपल्या आज्यांनी आणि पणज्यांनी आधीच करून ठेवलेले आहे.

काही शब्द तर मुद्दाम आडवळणाने वापरले जातात. 'तिला दिवस गेलेत', 'ती बाहेरची आहे', 'अंगावरून पांढरं जातं' या वाक्यांचा शब्दशः अर्थ लावणाऱ्याला गर्भारपण, पाळी किंवा श्वेतप्रदर यांचा पत्ताही लागणार नाही. आणि बाई ते पुन्हा, अधिक उघड शब्दांत सांगणार नाही, विशेषतः समोर परका पुरुष असेल तर.

यावर सोपा उपाय म्हणजे बाहेरून आलेल्या विद्यार्थ्यांना स्थानिक भाषा शिकवणे. देशातील वैद्यकीय शिक्षणाचा जो नवा अभ्यासक्रम २०१९ पासून सुरू झाला, त्यात पहिल्या काही आठवड्यांच्या पायाभूत वर्गात स्थानिक भाषेची ओळख ठेवली आहे, ही चांगली गोष्ट आहे. पण भाषा खरी शिकली जाते ती वसतिगृहात, खाणावळीत आणि वॉर्डात, सोबत्यांकडून. आमच्या उदाहरणातल्या परप्रांतीय डॉक्टरशेजारी डोंगरपट्ट्यातली एखादी सहकारी उभी असती, तर तिने त्याला एका वाक्यात 'वारं जाणे' समजावले असते, आणि तो ते जन्मभर विसरला नसता. वर्गातील विविधतेचा फायदा असा सर्वांना मिळतो, फक्त राखीव जागेवरून आलेल्याला नव्हे.

कोल्हापूरचा जुना धडा

हा विचार आपल्याकडे नवा नाही. आज जे सी.पी.आर., म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय आहे आणि ज्याच्याशी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जोडलेले आहे, ते पूर्वी आल्बर्ट एडवर्ड इस्पितळ म्हणून ओळखले जाई. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी यांची याच इस्पितळाच्या स्त्री-विभागाची प्रमुख म्हणून कोल्हापूर संस्थानाने नेमणूक केली होती. त्या रुजू होण्याआधीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, क्षयाने गेल्या. वय अवघे २१ वर्षांचे.

संस्थानाला स्त्री डॉक्टर का हवी होती, याचा विचार करू. त्या काळी अनेक बायका पुरुष डॉक्टरला नाडीपलीकडे काही तपासू देत नसत; मग मरण आले तरी चालेल. म्हणजे इस्पितळ होते, औषधे होती, डॉक्टरही होते. पण निम्म्या लोकसंख्येला ते सारे बंदच होते. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजाने १८८३ मध्ये स्त्रियांना प्रवेश देण्यास सुरुवात केली, आणि मुंबईत केवळ स्त्रिया व मुलांसाठी असलेले कामा इस्पितळ १८८६ मध्ये सुरू झाले. त्यामागेही हीच निकड होती. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेल्या डॉ. कृष्णाबाई केळवकर पुढे आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात आल्या. शाहू छत्रपतींच्या दरबाराने त्यांना अधिक शिक्षणासाठी परदेशी पाठविले. आनंदीबाईंच्या मृत्यूने रिकामी राहिलेली जागा अशी भरली गेली.

शाहू छत्रपतींचा २६ जुलै १९०२ चा हुकूम शिक्षकांना ठाऊक असतोच. संस्थानाच्या नोकऱ्यांतील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा तो हुकूम होता. त्या मानाने त्यांचा १९१९ च्या सुरुवातीचा, इस्पितळांविषयीचा हुकूम कमी ठाऊक आहे. सरकारी दवाखान्यांत अस्पृश्य मानलेल्या रुग्णांना आवाराबाहेर ताटकळत ठेवले जाई. त्यांना इतरांप्रमाणेच आत घेऊन, स्पर्श करून, आपुलकीने तपासावे, असे या हुकमाने बजावले. मिरजेच्या अमेरिकन मिशनच्या इस्पितळात डॉ. वॉनलेस आणि त्यांचे सहकारी ज्या रीतीने वागतात, तो नमुना समोर ठेवावा, असे त्यात सांगितले होते. ज्याला हे मान्य नसेल त्याने सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा, अशीही तरतूद होती.

या दोन हुकमांकडे एकत्र पाहण्यासारखे आहे. पहिल्याने 'कोण आत येणार' हे ठरवले, दुसऱ्याने 'आत आल्यावर कसे वागवले जाणार' हे ठरवले. आजच्या भाषेत पहिल्याला विविधता म्हणतात आणि दुसऱ्याला समावेश. पहिली गोष्ट मोजता येते. दुसरी मोजणे अवघड असते, म्हणून ती पुष्कळदा राहून जाते.

यंत्रसुद्धा कोणावर पारखले?

भाषेचा आणि संकोचाचा भाग सोडला, तर यंत्रे तरी निःपक्षपाती असतात, असे आपल्याला वाटते. कोरोनाच्या साथीत घरोघरी पोचलेले पल्स ऑक्सिमीटर घेऊन हे तपासून पाहू.

बोटाला लावायच्या या चिमट्यात एका बाजूने दोन प्रकारचे प्रकाशकिरण सोडतात. एक लाल, सुमारे ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा. दुसरा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त, सुमारे ९४० नॅनोमीटरचा. प्राणवायू घेतलेले हिमोग्लोबिन लाल प्रकाश कमी शोषते आणि अवरक्त अधिक. प्राणवायू सोडून दिलेल्याचे उलट असते. नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर रक्ताचे प्रमाण बदलते, तसा पलीकडे पोचणारा प्रकाशही बदलतो. या दोन बदलांच्या गुणोत्तरावरून रक्तातील प्राणवायूची टक्केवारी काढतात.

मात्र गुणोत्तर किती आले म्हणजे टक्के किती, हे नुसत्या सूत्राने ठरत नाही. निरोगी स्वयंसेवकांना कमी प्राणवायूची हवा श्वासावाटे देतात, त्यांच्या धमनीतील रक्त थेट तपासतात, आणि त्यावरून यंत्रात कोष्टक भरतात. हे स्वयंसेवक बहुतांशी गोऱ्या कातडीचे होते. कातडीतील मेलॅनिन हे रंगद्रव्यही प्रकाश शोषते आणि आकड्यावर परिणाम करते. २०२० च्या अखेरीस अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी यंत्राचे आकडे आणि प्रत्यक्ष रक्ततपासणी यांची तुलना प्रसिद्ध केली. यंत्र ९२ ते ९६ टक्के, म्हणजे 'बरे आहे' असे सांगत असताना धमनीतील प्राणवायू प्रत्यक्षात ८८ टक्क्यांखाली गेलेला होता, असे गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के वेळा आढळले. काळ्या रुग्णांत ते प्रमाण ११.७ टक्के होते, म्हणजे जवळजवळ तिप्पट.

हे यंत्र कोणी वाईट हेतूने बनवले नव्हते. पारखताना खोलीत ज्या कातडीचे लोक होते, त्यांच्यासाठी ते ठीक चालले. जे खोलीत नव्हते, त्यांच्यासाठी चुकले. चूक लक्षात यायलाही दशके गेली. हीच गोष्ट पाठ्यपुस्तकांतील छायाचित्रांची आहे. त्वचारोगांची चित्रे बहुधा गोऱ्या त्वचेवरची असतात. त्यावर 'लालसर पुरळ' स्पष्ट दिसते. सावळ्या त्वचेवर तेच पुरळ तपकिरी किंवा जांभळट दिसते आणि नवख्याच्या नजरेतून सुटते. आपल्या देशात कातडीच्या रंगांची केवढी विविधता आहे! आपल्याच संशोधकांनी आणि विद्यार्थ्यांनी हे प्रश्न विचारले नाहीत, तर दुसरे कोण विचारणार?

एक साधा, पण नेटका प्रयोग

'आपल्यातला' डॉक्टर असल्याने खरोखर फरक पडतो का, हे मोजायचे कसे? नुसती आकडेवारी घेऊन चालत नाही. रुग्ण आपला डॉक्टर स्वतः निवडतात, त्यामुळे कारण आणि परिणाम यांची सरमिसळ होते. कॅलिफोर्नियातील ओकलंड शहरात २०१७-१८ च्या सुमारास तीन संशोधकांनी यावर मार्ग काढला. त्यांनी एक तात्पुरता दवाखाना उघडला आणि तिथे आलेल्या सहाशेहून अधिक कृष्णवर्णीय पुरुषांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे डॉक्टर वाटून दिले. काहींना कृष्णवर्णीय, काहींना अन्य. प्रत्येकाला मधुमेह, कोलेस्टेरॉल अशा तपासण्या करून घ्यायच्या का, असे दोनदा विचारले. पहिल्यांदा डॉक्टरचे फक्त छायाचित्र दाखवून, दुसऱ्यांदा डॉक्टरशी प्रत्यक्ष बोलणे झाल्यावर.

छायाचित्र पाहून दोन्ही गटांच्या उत्तरांत म्हणण्याजोगा फरक नव्हता. बोलणे झाल्यावर मात्र कृष्णवर्णीय डॉक्टर भेटलेल्यांनी अधिक तपासण्यांना होकार दिला. ज्यांत बोटाला टोचून रक्त द्यावे लागे, त्यांत तर हा फरक विशेष होता. या भेटींत रुग्ण अधिक बोललेही. म्हणजे फरक रंगाने पडला नाही. त्या माणसाशी मोकळेपणाने बोलता आले, त्याने पडला.

यावरून 'प्रत्येक जातीच्या रुग्णाला त्याच जातीचा डॉक्टर' असा निष्कर्ष कोणी काढू नये. ती तर जुनीच भिंत नव्याने बांधणे होईल. निष्कर्ष असा की विश्वास हाही उपचाराचा भाग आहे. तो कसा मिळवायचा हे शिकावे लागते. आणि ज्या वर्गात सगळे एकाच प्रकारच्या घरांतून आले आहेत, तिथे ते शिकायला कोणी भेटत नाही.

पण गुणवत्तेचे काय?

ही शंका शिक्षकांच्या खोलीत नेहमी निघते, आणि ती टाळू नये. आपल्या राज्यात शासकीय महाविद्यालयांत अनुसूचित जाती, जमाती, विमुक्त व भटक्या जमाती आणि इतर मागासवर्ग मिळून ५० टक्के जागा बराच काळ राखीव आहेत. आर्थिक दुर्बल घटकांसाठी २०१९ पासून आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गासाठी २०२४ च्या कायद्याने प्रत्येकी १० टक्क्यांची भर पडली. राखीव जागेवर प्रवेशाचे गुण काहीसे कमी लागतात, म्हणून डॉक्टरही कमी प्रतीचा होतो का?

पहिली गोष्ट, सर्वांना पदवीची परीक्षा एकच असते. गुणांची सवलत प्रवेशाच्या दारापाशी संपते. दुसरी गोष्ट, अशा विद्यार्थ्यांचे पुढे काय झाले, याचा दीर्घ मागोवा घेतलेला आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील वैद्यकीय महाविद्यालयाने २० वर्षांतल्या प्रवेशांचा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. विशेष विचार करून घेतलेल्या विद्यार्थ्यांचे सुरुवातीच्या परीक्षांतले गुण कमी होते. पण पदवीनंतरच्या प्रशिक्षणात त्यांच्याविषयी वरिष्ठांनी दिलेले अभिप्राय आणि पुढची वाटचाल इतरांसारखीच होती. म्हणजे धावण्याच्या शर्यतीत मागून सुरुवात केलेले विद्यार्थी सारखा मार्ग मिळाल्यावर इतरांबरोबर येऊन पोचले.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. डॉक्टरची गुणवत्ता मोजताना तो कुठे काम करतो, हे मोजायचे की नाही? जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये ग्रामीण भागात डॉक्टर टिकवण्याविषयी शिफारशी केल्या. त्यांत पहिल्या काही उपायांत 'ग्रामीण भागातून आलेल्या विद्यार्थ्यांना प्रवेश द्या' हा आहे, कारण ते खेड्यात काम करण्याची शक्यता जास्त असते, असे अनेक देशांत दिसून आले आहे. आमच्या वाडीवरच्या म्हाताऱ्याला ९९ टक्के गुणांचा, पण मुंबईत असलेला डॉक्टर उपयोगाचा नाही.

आपल्याकडे वर्ध्याजवळ सेवाग्रामला १९६९ पासून चालू असलेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने हा विचार अभ्यासक्रमातच आणला. तिथे प्रत्येक नवी तुकडी एक खेडे दत्तक घेते, तिथे शिबिर करून राहते, आणि शिक्षणाच्या काळात त्याच कुटुंबांकडे पुन्हापुन्हा जाते. २०२२ पासून देशभरच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना काही कुटुंबे दत्तक देण्याचा कार्यक्रम लागू झाला, त्याचे बीज अशा प्रयोगांत आहे.

प्रवेश मिळाला, पुढे?

शाहू छत्रपतींच्या काळात कोल्हापुरात एकेका समाजासाठी वसतिगृहे निघाली. १९०१ मध्ये मराठा आणि जैन, १९०६ मध्ये मुस्लिम, १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. शहरात ज्यांना कोणी थारा देत नव्हते, त्यांना डोक्यावर छप्पर मिळाले, हे मोठे काम होते. पुढची पायरी कुंभोजच्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी गाठली. त्यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांना एकत्र ठेवणारे, एका पंगतीत जेवणारे वसतिगृह काढले आणि त्याला शाहू छत्रपतींचेच नाव दिले.

या पायरीवरून आपण पुन्हा खाली घसरू शकतो. २००७ मध्ये प्रा. सुखदेव थोरात यांच्या समितीने दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेविषयी अहवाल दिला. अनुसूचित जाती-जमातींचे विद्यार्थी वसतिगृहात छळाला कंटाळून एकाच भागात गोळा झाले होते, आणि अनेकांना शिक्षकांकडून पुरेशी मदत मिळत नव्हती, असे त्यात नमूद होते. मे २०१९ मध्ये मुंबईत पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या, जळगाव जिल्ह्यातील आदिवासी कुटुंबातून आलेल्या एका तरुण महिला डॉक्टरने आत्महत्या केली. जातीवरून छळ झाल्याचा आरोप होऊन ते प्रकरण न्यायालयात गेले. न्यायालयाचे काम न्यायालय करील. पण ज्या डॉक्टरला शिकवण्यासाठी समाजाने २०-२२ वर्षे खर्च केली, ती डॉक्टर आपण गमावली, आणि तिच्या भागातले रुग्णही तिला मुकले, एवढे तरी आपल्याला दिसलेच पाहिजे.

प्रवेशाची टक्केवारी फलकावर लावता येते. नव्या विद्यार्थ्याला कोण काय गुण मिळाले असे मुद्दाम विचारतो का, तोंडी परीक्षेत आडनावाचा चेहऱ्यावर परिणाम होतो का, इंग्रजी अडखळत बोलणाऱ्याला वर्गात हसतात का, या गोष्टी फलकावर येत नाहीत. त्यासाठी पहिल्या वर्षी भाषेचे आणि विषयांचे जादा वर्ग, तक्रार ऐकणारी खरी यंत्रणा, आणि वरच्या वर्गातला एक विश्वासू सोबती असे साधे उपाय लागतात. ते खर्चिक नाहीत.

दोन्ही हात शाबूतच हवेत?

वैद्यकीय प्रवेशाला 'दोन्ही हात शाबूत, पूर्ण संवेदना असलेले' अशी अट अनेक वर्षे होती. वरवर ती रास्त वाटते. पण मानसोपचारतज्ज्ञाला, क्ष-किरण चित्रे वाचणाऱ्याला किंवा सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाला ती कशासाठी? ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्याच, बोलण्याची अडचण असलेल्या एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अपंगत्वाची टक्केवारी ४० च्या वर आहे, एवढ्यावरून प्रवेश नाकारता येणार नाही. हा विद्यार्थी अभ्यासक्रम पूर्ण करू शकतो का, हे मंडळाने तपासले पाहिजे. त्याला प्रवेश मिळाला. २०२५ च्या दुसऱ्या एका निकालात 'दोन्ही हात' या अटीवरही न्यायालयाने कडक टीका केली. यामागचे तत्त्व शिक्षकांना परिचयाचे आहे: मुलाला काय येत नाही याची यादी करण्याऐवजी काय येते, आणि थोड्या मदतीने काय येईल, ते पाहावे.

शाळेत काय करता येईल?

वैद्यकीय महाविद्यालयाचे दार बारावीनंतर उघडते, पण त्याची वाट आठवी-नववीतच बंद होऊ शकते. देशव्यापी प्रवेशपरीक्षा 'नीट' २०१७ पासून मराठीतही देता येते. तरी शिकवण्यांचा खर्च झेपत नाही, म्हणून खेड्यातली हुशार मुले मागे राहतात. तमिळनाडूने २०२० पासून सरकारी शाळांत शिकून 'नीट' उत्तीर्ण झालेल्यांना वैद्यकीय प्रवेशात ७.५ टक्के जागा ठेवल्या. पन्हाळ्यासारख्या तालुक्यांतल्या शाळांच्या दृष्टीने असा उपाय आपल्याकडेही का नको, याची चर्चा शिक्षकांनी जरूर करावी.

तोपर्यंत दोन उपक्रम सुचवतो. पहिला : नववी ते बारावीच्या मुलांनी आपल्या आजी-आजोबांकडून, शेजाऱ्यांकडून दुखण्याचे आणि रोगांचे शब्द गोळा करावेत. प्रत्येक शब्दापुढे तो कोण वापरतो, नेमके काय होते तेव्हा वापरतो, आणि शास्त्रीय नाव काय, असे तीन रकाने करावेत. धनगरवाड्यावरचे, उसाच्या पट्ट्यातले आणि ऊसतोडणीला आलेल्या कुटुंबांचे शब्द वेगळे निघतील. ते तसेच लिहावेत. अशा यादीची प्रत जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या नव्या डॉक्टरला भेट दिली, तर ती निश्चित उपयोगी पडेल. दुसरा : गेल्या १० वर्षांत आपल्या शाळेतून किती मुलेमुली डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माते झाल्या, त्या कोणत्या वाड्या-वस्त्यांतल्या होत्या, आणि कोणत्या वस्तीतून एकही जण गेले नाही, याचा तक्ता करावा.

दुसऱ्या तक्त्यातली रिकामी घरे नीट पाहावीत. त्या वस्तीतल्या मुलांत बुद्धी कमी असते, असे कोणतेही विज्ञान सांगत नाही. मग घर रिकामे का, याची कारणे मुलांनाच शोधू द्यावीत: शाळेचे अंतर, पावसाळ्यात बंद होणारी वाट, घरची गुरे, लवकर होणारी लग्ने, विज्ञानाचा शिक्षक नसणे. यातली काही कारणे शासनाने दूर करायची आहेत, काही गावाने. आणि एखाददुसरे असे निघेलच, जे वर्गशिक्षकाने मनावर घेतले तर याच वर्षी दूर होईल.